रॅकेटबॉलची रॅकेट निवडताना: छापलेले वजन आणि हाताला लागणारे वजन

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांचे वय त्रेचाळीस आहे, गेले सात महिने ते आठवड्यातून तीन दिवस क्लबच्या ॲल्युमिनियमच्या रॅकेटने रॅकेटबॉल, म्हणजे चार भिंतींच्या बंद कोर्टवरचा खेळ, खेळत आहेत आणि आता त्यांना स्वतःची रॅकेट घ्यायची आहे. दुकानदाराने १५० ग्रॅमची, पाण्याच्या थेंबाच्या आकाराची रॅकेट पुढे केली आणि ‘जितकी हलकी तितकी वेगवान’ असे सांगितले. सोबत खेळणारे एक ज्येष्ठ खेळाडू मात्र १८५ ग्रॅमच्या खाली जाऊ नका असे बजावत आहेत. बॅकहँडने मागच्या कोपऱ्यातून मारलेला सीलिंग शॉट (छताला लावून मागच्या भिंतीकडे पाठवायचा फटका) अर्ध्यातच पडतो, आणि सलग दोन तास खेळले की कोपराच्या बाहेरच्या बाजूला ठसठस सुरू होते. अशा वेळी कोणती रॅकेट घ्यावी?

गेली बावीस वर्षे मी हा खेळ शिकवतो आणि तितकीच वर्षे रॅकेटचे गटिंगही (तारा ओवण्याचे काम) करतो, त्यामुळे आधी थेट उत्तर देतो आणि मग त्यामागची कारणे सांगतो. आपण १७० ते १७५ ग्रॅमची, तोल मध्याच्या आसपास असणारी, चौकोनी वळणाच्या डोक्याची, ग्रॅफाइटची रॅकेट घ्यावी. मूठ लहान मापाची असावी, तारा मऊ आणि अनेक तंतूंच्या असाव्यात, आणि त्यांचा ताण फ्रेमवर छापलेल्या मर्यादेच्या खालच्या टोकाजवळ ठेवावा. दुकानदार आणि आपले ज्येष्ठ सहखेळाडू हे दोघेही वजनाच्या छापील आकड्यावर बोट ठेवून बोलत आहेत, आणि निवडीची चूक नेमकी तिथूनच सुरू होते. आपल्या हाताला तो आकडा जाणवत नाही. फिरवताना रॅकेट जे वजन दाखवते तेवढेच त्याला जाणवते.

खरेदीपूर्वी एक सावधगिरी बाळगावी. रॅकेटबॉलच्या रॅकेटची एकूण लांबी, टोकावरील बंपर (संरक्षक पट्टी) धरून, नियमाने जास्तीत जास्त २२ इंच असते. ब्रिटनमध्ये ‘रॅकेटबॉल’ याच उच्चाराने ओळखला जाणारा एक वेगळा खेळ स्क्वॉशच्या कोर्टवर खेळतात. २०१६ साली त्याचे नाव ‘स्क्वॉश ५७’ असे करण्यात आले, कारण त्याच्या चेंडूचा व्यास ५७ मिलिमीटर असतो. त्याची रॅकेट स्क्वॉशच्या रॅकेटसारखी लांब दांड्याची असते. इंटरनेटवर केवळ नाव पाहून ती मागवणारे मला भेटले आहेत, म्हणून मागवण्यापूर्वी लांबी पाहून घ्यावी.

आता वजनाविषयी. फ्रेमवर १५०, १६५, १७०, १७५ किंवा १८५ असा जो आकडा असतो तो सर्वसाधारणपणे तारा न ओवलेल्या फ्रेमचा असतो. त्यात तारांची भर पडते. एका रॅकेटला साधारण अकरा-बारा मीटर तार लागते आणि तिचे वजन पंधरा ग्रॅमच्या आसपास भरते. जाड रबरी ग्रिप चढवली की आणखी काही ग्रॅम वाढतात. गटिंगसाठी आलेली प्रत्येक रॅकेट मी आधी आणि नंतर तोलून वहीत नोंदवतो, आणि १७० छापलेली रॅकेट तयार झाल्यावर १९० च्या आसपास जाते हा माझा नेहमीचा अनुभव आहे. शिवाय एकाच मॉडेलच्या दोन नगांत दोन-चार ग्रॅमचा फरक सहज आढळतो. तेव्हा १६५ आणि १७० यांच्यातील निवडीसाठी रात्र रात्र विचार करण्यात अर्थ नाही. तो फरक एका जाड ग्रिपने पुसला जातो.

खरी गोष्ट आहे ती वजन कुठे आहे याची. रॅकेट मुठीभोवती फिरते, आणि फिरणाऱ्या वस्तूत एखाद्या कणाचा जडपणा त्याच्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मुठीपासून ४५ सेंटिमीटरवर, म्हणजे डोक्याच्या टोकाजवळ, ५ ग्रॅम वजन असेल, तर त्याचा फिरवतानाचा भार १५ सेंटिमीटरवर, म्हणजे गळ्यापाशी ठेवलेल्या ४५ ग्रॅमइतका होतो. अंतर तिप्पट, भार नऊपट. त्यामुळेच १६५ ग्रॅमची डोक्याकडे जड असलेली रॅकेट १७५ ग्रॅमच्या मुठीकडे जड असलेल्या रॅकेटपेक्षा फिरवायला अवजड वाटू शकते, आणि घेणारा मात्र आपण हलकी रॅकेट घेतली या समजुतीत राहतो. ‘रॅकेट हलकी आहे, तरी हात का भरून येतो?’ या तक्रारीचे उत्तर बहुतेक वेळा इथे सापडते.

हा तोल घरच्या घरी पाहता येतो. लाकडी फूटपट्टी टेबलावर कडेवर उभी धरावी, तारा ओवलेली आणि ग्रिप चढवलेली रॅकेट तिच्यावर आडवी ठेवावी आणि ती दोन्हीकडे न झुकता स्थिर राहील अशी जागा शोधावी. त्या जागी पेन्सिलीने बारीक खूण करून मुठीच्या बुडापासूनचे अंतर मोजावे. २२ इंचांच्या रॅकेटचा मध्य ११ इंचांवर, म्हणजे २८ सेंटिमीटरच्या किंचित आत येतो. तोल त्यापेक्षा वर, डोक्याच्या बाजूला असेल तर रॅकेट डोक्याकडे जड. खाली असेल तर मुठीकडे जड. तारा सगळ्या डोक्यात असल्यामुळे गटिंगनंतर तोल थोडा वर सरकतो, हे ध्यानात घ्यावे, आणि म्हणून दुकानात टांगलेली बिनतारांची फ्रेम हातात घेऊन केलेला निवाडा फसवा असतो.

इथे एक बारकावा आहे आणि अनुभवी खेळाडूही त्यात फसतात. डोक्याकडे जड रॅकेट ‘हलकी’ करायची म्हणून ते मुठीवर आणखी एक ग्रिप गुंडाळतात. फूटपट्टीवर तोल खरोखरच मुठीकडे सरकतो. पण मुठीतल्या त्या पाच-सहा ग्रॅमचे हातापासूनचे अंतर जवळजवळ शून्य असल्याने फिरवतानाचा भार तेवढाच राहतो. डोक्यातले वजन जिथे होते तिथेच असते, आणि जाड मुठीमुळे मनगटाची हालचाल मात्र कमी होते. म्हणून फूटपट्टीचा आकडा एकट्याने वाचू नये. एकूण वजन आणि तोल हे दोन्ही शेजारी शेजारी मांडून वाचावेत.

आता आपल्या बाबतीत १५० ग्रॅम का नको, ते पाहू. रॅकेटबॉलचा चेंडू सुमारे ४० ग्रॅमचा असतो. सराईत खेळाडूचा हात इतका वेगाने फिरतो की हलक्या रॅकेटची उणीव वेगाने भरून निघते, आणि त्या वेगातून जे नियंत्रण व चपळाई मिळते ती त्याला हवी असते. सात महिने खेळलेल्या व्यक्तीचा हात अजून तितका मोकळा झालेला नसतो. कंबर आणि खांदे वळण्यापूर्वीच हात पुढे येतो, त्यामुळे वेग कमी असतो, आणि कमी वेगाला हलके वजन मिळाले की चेंडूला धक्का पुरत नाही. मग खेळाडू जोर लावतो, मूठ आवळतो, आणि सगळा भार मनगट व कोपर यांवर येतो. त्यातच चेंडू मध्यापासून थोडा बाजूला लागला, तर हलकी फ्रेम हातात जास्त मुरगळते आणि ती मुरगळ रोखण्याचे काम कोपराच्या बाहेरच्या बाजूने निघणाऱ्या स्नायूंना करावे लागते. आपली ठसठस नेमकी तिथेच आहे.

मग १८५ का नको? ज्येष्ठ सहखेळाडूंचे म्हणणे निराधार नाही. जड रॅकेट चेंडूसमोर डगमगत नाही, आणि ज्यांचा फटका आखूड व सावकाश असतो त्यांना तिचे वजनच ताकद मिळवून देते. पण ड्राइव्ह सर्व्ह (खालून वेगाने येणारी सर्व्ह) परतवताना फोरहँडकडून बॅकहँडकडे वळायला जो क्षणभराचा वेळ मिळतो, त्यात जड रॅकेट उशिरा पोहोचते. आणि उशिरा पोहोचलेला बॅकहँड म्हणजे कोपर पुढे व रॅकेट मागे अशी अवस्था, जी कोपराला सर्वांत वाईट. दुहेरीत, पुढच्या भिंतीजवळ उभे राहून खेळताना तर हा उशीर अधिकच जाणवतो. म्हणून मधला पल्ला मी सुचवतो, आणि त्यातही तोल मध्याच्या जवळ असावा किंवा किंचित मुठीकडे झुकलेला असावा असे म्हणतो, म्हणजे एकूण वजनाचा स्थिरपणा मिळतो आणि फिरवतानाचा भार आटोक्यात राहतो.

मधल्या पल्ल्याची रॅकेट घेण्यात आणखी एक सोय आहे. वजन वाढवता येते, कमी करता येत नाही. शिशाची चिकटपट्टी मिळते. तिचे दोन-दोन ग्रॅमचे तुकडे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, घड्याळातील तीन आणि नऊच्या जागी, फ्रेमच्या आतल्या कडेला लावले की रॅकेट मुरगळायची कमी होते. माझ्याकडे शिकणाऱ्या एका बाईंचा सीलिंग शॉट नेहमी सर्व्हिस रेषेच्या थोडा मागे पडून मरायचा. त्यांची रॅकेट १६० ग्रॅमची होती. तीन आणि नऊच्या जागी मिळून चार ग्रॅम लावले, दुसरे काहीही बदलले नाही, आणि त्याच संध्याकाळी त्यांचा चेंडू मागच्या भिंतीच्या पायथ्यापर्यंत जाऊ लागला. तोच तुकडा त्यांनी उत्साहाने बाराच्या जागी सरकवून पाहिला, तेव्हा आठवड्याभरात मनगट दुखू लागले आणि आम्ही तो पुन्हा बाजूला आणला.

डोक्याच्या आकाराचा प्रश्न यामानाने सोपा आहे. आजच्या बहुतेक रॅकेटच्या डोक्याचे क्षेत्रफळ १०० ते १०७ चौरस इंचांच्या दरम्यान असते, त्यामुळे त्या आकड्यावर फारसे काही ठरत नाही. आकारावर ठरते. थेंबाच्या आकाराचे डोके वरच्या बाजूला सर्वांत रुंद असते आणि त्याची ताकद टोकाजवळ एकवटते. जमिनीपासून चार-सहा इंचांवर चेंडू गाठून किल शॉट (समोरच्या भिंतीवर अगदी खाली मारायचा फटका) मारणाऱ्याचा चेंडू साहजिकच टोकाजवळ लागतो, म्हणून तो आकार त्याला मानवतो. चौकोनी वळणाचे डोके मधल्या भागात रुंद असते, त्याचा स्वीट स्पॉट (चेंडू सर्वांत चांगला लागतो तो भाग) अधिक पसरलेला असतो, आणि थोडा बाजूला लागलेला चेंडूही ते सांभाळून घेते. आपला चेंडू कुठे लागतो हे आपल्याला ठाऊक नसेल, तर सगळ्या तारांवर खडू घासून भिंतीवर तीस फटके मारावेत आणि तारांवरचा खडू कुठे पुसला गेला ते पाहावे. डाग टोकाकडे एका जागी असेल तर थेंबाचा आकार. सगळीकडे विखुरलेला असेल तर चौकोनी. सात महिन्यांच्या खेळाडूचा डाग मी अजून एका जागी पाहिलेला नाही. चाचणी झाल्यावर तारा आणि चेंडू दोन्ही ओल्या फडक्याने पुसून घ्यावेत.

मूठ ही गोष्ट लोक सर्वांत कमी महत्त्वाची मानतात आणि माझ्या मते ती वजनाच्या बरोबरीची आहे. १९५० च्या सुमारास अमेरिकेतील कनेटिकट राज्यात जो सोबेक यांनी आखूड दांड्याची, तारांची बॅट बनवून हा खेळ मांडला, तेव्हापासून त्याचा सगळा जीव मनगटात आहे. टेनिसमध्ये मनगट बऱ्यापैकी स्थिर ठेवतात. इथे फटक्याच्या शेवटच्या क्षणी ते चाबकासारखे सुटावे लागते. त्यासाठी मूठ लहान लागते. रॅकेटबॉलच्या मुठी मुख्यतः दोन मापांत येतात: परीघ ३ ५/८ इंच आणि ३ १५/१६ इंच. टेनिस खेळलेले लोक सवयीने मोठे माप उचलतात आणि मग आपला फटका बोथट का, याचे कारण दुसरीकडे शोधत बसतात. योग्य माप ओळखण्याची रीत अशी: नेहमीच्या पकडीत रॅकेट धरली असता मधले बोट आणि अनामिका यांची टोके अंगठ्याच्या बुडाच्या मांसल भागाला हलकेच टेकावीत. मध्ये बोटभर फट राहिली तर मूठ जाड; बोटे तळव्यात रुतली तर बारीक. हात खरोखर मोठा असेल तरच मोठ्या मापाकडे जावे.

ही चाचणी हातमोजा घालूनच करावी. रॅकेटबॉलमध्ये बरेच खेळाडू खेळत्या हातात पातळ मोजा घालतात, आणि त्याची जाडी मुठीत मिळून येते. उघड्या हाताने अचूक वाटलेली मूठ मोजा घातल्यावर जाड ठरते. ग्रिपही दोन प्रकारची असते: गुंडाळायची पट्टी आणि नळीसारखी चढवायची रबरी ग्रिप. हात फार घामेजत असेल तर खाचांची रबरी ग्रिप बरी. गुंडाळायची पट्टी बदलायला सोपी आणि तिची जाडी हवी तेवढी ठेवता येते. ग्रिप गुळगुळीत झाली की हात नकळत जास्त आवळला जातो, आणि कोपराच्या दुखण्याला तेवढे निमित्त पुरते. आपल्या क्लबच्या रॅकेटची ग्रिप कशी आहे हे मला ठाऊक नाही, पण सामायिक रॅकेटच्या ग्रिप बहुधा काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या असतात. दुखण्याचा काही भाग तिथून येत असण्याची शक्यता मी गंभीरपणे घेईन.

मुठीच्या बुडातून निघणारा मनगटाचा दोरा नियमाने सक्तीचा आहे आणि तो खेळताना मनगटाला नीट अडकवलेला असावा लागतो. विकत घेताना तो ओढून पाहावा. बुडाच्या टोपणापाशी शिवण सैल असेल तर लगेच बदलून घ्यावा. बंद खोलीत घामेजल्या हातातून सुटलेली रॅकेट समोरच्याच्या तोंडावर जाते. रॅकेटबरोबरच डोळ्यांचे संरक्षक चष्मे घेतले नसतील तर तेही त्याच दिवशी घ्यावेत.

आता तारा. याबाबत मला सर्वांत जास्त सांगायचे आहे, कारण रॅकेटचा अर्धा स्वभाव तारांत असतो आणि खरेदीच्या वेळी त्यांच्याकडे कोणी बघतही नाही. कारखान्यातून तारा ओवूनच येणाऱ्या रॅकेटमध्ये पुष्कळदा साधी, जाड, टिकाऊ नायलॉनची तार असते. ती किती महिन्यांपूर्वी ओवली हे कळायला मार्ग नसतो, आणि तारा नुसत्या टांगून ठेवल्या तरी सैल पडतात. ओवल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत ताण सर्वांत जास्त उतरतो. त्यामुळे दुकानात दोन रॅकेटची तुलना करताना आपण खरे तर दोन वेगवेगळ्या वयांच्या तारांची तुलना करत असतो. एक रॅकेट ‘मेलेली’ आणि दुसरी ‘जिवंत’ वाटते, आणि दोष किंवा श्रेय फ्रेमला जाते.

ताणाचे सूत्र असे आहे की सैल तारा चेंडूला जास्त उसळी देतात आणि घट्ट तारा त्याला जास्त ताब्यात ठेवतात. सैल तारांचे जाळे चेंडूच्या आघाताने खोल दबते आणि साठवलेली बरीचशी शक्ती परत करते. घट्ट जाळ्यावर चेंडू स्वतःच जास्त चेपतो आणि त्या चेपण्यात शक्ती वाया जाते. सर्वसाधारण रॅकेट २८ ते ३६ पौंडांच्या दरम्यान ओवल्या जातात, पण प्रत्येक फ्रेमवर तिची स्वतःची मर्यादा छापलेली असते आणि ती ओलांडू नये. ज्यांचा हात वेगवान आहे, चेंडू हवा त्यापेक्षा लांब जातो, त्यांनी वरच्या टोकाकडे जावे. आपल्या बाबतीत ताकद कमी आणि कोपर नाजूक, म्हणजे दोन्ही कारणे एकाच दिशेला बोट दाखवतात: खालचे टोक. छापील मर्यादा २८ ते ३४ असेल तर २८ किंवा २९ पासून सुरुवात करावी.

तारेच्या जाडीचे क्रमांक उलटे चालतात. १६ क्रमांकाची तार जाड, साधारण १.३ मिलिमीटरची, तर १८ क्रमांकाची बारीक, साधारण १.१५ मिलिमीटरची. बारीक तार जास्त उसळते आणि चेंडूला जास्त चावते, म्हणजे फिरकी चांगली देते, पण लवकर तुटते. १७ हा मधला मार्ग बहुतेकांना पुरतो. तार एकसंध, एकाच जाड धाग्याची असेल तर कडक लागते. शेकडो बारीक तंतू पिळून केलेली असेल तर मऊ लागते आणि आघाताचा झणका कमी पोचवते. दुखऱ्या हाताला दुसरीच द्यावी.

काही रॅकेटमध्ये उभ्या तारा गळ्यापाशी न थांबता दांड्याच्या आतपर्यंत जातात. तार जितकी लांब तितकी ती दबायला मोकळी, त्यामुळे उसळी वाढते. ताकदीच्या शोधात असलेल्यांसाठी ही रचना चांगली आहे, पण तिचे गटिंग कष्टाचे असते आणि प्रत्येक गटिंगवाल्याला ते जमतेच असे नाही. अशी रॅकेट घेण्यापूर्वी तारा कोण ओवून देणार हे विचारून ठेवावे. चुकीच्या क्रमाने ओवल्यामुळे गळ्यापाशी चिरलेल्या दोन फ्रेम मी स्वतः पाहिल्या आहेत.

तारा केव्हा बदलाव्यात? त्या तुटण्याची वाट पाहू नये. आठवड्यातून जितके दिवस खेळता तितक्या वेळा वर्षातून तारा बदलाव्यात, हा जुना ठोकताळा आजही कामाचा आहे. आपल्यासाठी तो वर्षाला तीनदा, म्हणजे सुमारे चार महिन्यांनी एकदा असा होतो. दरम्यान आडवी-उभी तार जिथे एकमेकींना घासतात तिथे नखाने चाचपून पाहावे. नख अडकेल इतकी खाच पडली असेल तर तार शेवटाला आली. मध्यभागच्या तारा फटक्यानंतर जागा सोडून तिरक्या राहू लागल्या आणि बोटाने सरळ कराव्या लागू लागल्या, तर ताण गेला.

फ्रेमच्या साहित्याबद्दल फार लिहीत नाही. ॲल्युमिनियमची रॅकेट सुरुवातीला ठीक असते, पण ती लवते आणि झणका देते. ग्रॅफाइटची फ्रेम ताठ राहून शक्ती परत करते आणि वजन कुठे ठेवायचे यावर कारागिराला हुकमत देते. त्यापुढे प्रत्येक कंपनी आपल्या तंत्राला एक भारदस्त नाव देते, आणि त्या नावांवर निवड करू नये. एका प्रकाराचा मात्र उल्लेख करतो: काही फ्रेमच्या आतील कप्प्यांत धातूचे सूक्ष्म कण मोकळे ठेवलेले असतात, जे आघाताच्या क्षणी हलून कंपने शोषतात. प्रोकेनेक्स कंपनी या रचनेसाठी ओळखली जाते, आणि दुखऱ्या कोपराच्या काही खेळाडूंना तिचा आराम पडल्याचे मी पाहिले आहे. अशी रॅकेट हलवली की आतून बारीक सळसळ ऐकू येते. तो दोष समजू नये.

इतर कोणत्याही रॅकेटमध्ये मात्र आतून खडखड आली तर सावध व्हावे. जुनी रॅकेट घेत असाल तर ती उजेडात धरून गळ्याचे दोन्ही सांधे आणि डोक्याचे टोक यांवर अंगठा फिरवावा. रंगाला पडलेला केसासारखा तडा नखाला लागला तर तो बहुधा रंगापुरता नसतो. दोन्ही हातांनी डोके धरून हलकेच पीळ द्यावा; कुरकुर ऐकू आली तर ती रॅकेट नको. बंपर घासून फ्रेमला भिडला असेल, किंवा तारांच्या भोकांतील प्लास्टिकच्या नळ्या फुटलेल्या असतील, तर त्या मॉडेलचे सुटे भाग अजून मिळतात का हे विचारावे. भाग मिळत नसतील तर उत्तम फ्रेमही थोड्याच दिवसांची सोबती.

दोन किंवा तीन रॅकेट निवडून झाल्या की प्रत्यक्ष खेळून पाहिल्याशिवाय निर्णय करू नये, आणि हे खेळून पाहणेही रीतसर व्हावे. तिन्हींच्या तारा शक्यतो एकाच प्रकारच्या व एकाच ताणाच्या असाव्यात, चेंडू तोच असावा. सुरुवात बॅकहँडपासून करावी, कारण फोरहँड कोणत्याही रॅकेटशी जुळवून घेतो आणि वैगुण्य झाकतो. मागच्या डाव्या कोपऱ्यातून, आपण डावखुरे असाल तर उजव्या, दहा सीलिंग शॉट मारून किती मागच्या भिंतीपर्यंत गेले ते मोजावे. मग समोरून कोणाला तरी वेगवान सर्व्ह करायला सांगून दहा परतवावे आणि रॅकेट किती वेळा उशिरा आली ते पाहावे. पहिल्या मोजणीत हलकी रॅकेट उघडी पडते, दुसरीत जड. त्यानंतर पूर्ण सामना खेळावा आणि शेवटच्या दहा मिनिटांत काय होते त्यावर सर्वांत जास्त भर द्यावा, कारण ताज्या हाताला सगळ्याच रॅकेट आवडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराची कडी उघडताना किंवा भरलेला तांब्या उचलताना कोपर काय म्हणते, तेही नोंदवावे.

कोपराबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. रॅकेट दुखणे वाढवू शकते किंवा त्याचा भार हलका करू शकते; ती उपचार नव्हे. विश्रांतीनंतरही दोन-तीन आठवडे ठसठस राहिली तर डॉक्टरांना दाखवावे, आणि खेळाच्या बाजूने, एखाद्या जाणकाराकडून बॅकहँड तपासून घ्यावा. खांदा आधी वळतो की कोपर आधी पुढे येते, हे बाजूने घेतलेल्या मोबाइलच्या चित्रीकरणात सावकाश पाहिले की लगेच दिसते.

रॅकेट घेतल्यावर पहिले चार महिने तिच्यात काहीही बदलू नये, शिशाची पट्टीसुद्धा लावू नये. पहिल्यांदा तारा बदलायची वेळ आली की आपला बॅकहँडचा सीलिंग शॉट कुठे पडतो ते पाहावे. तो अजूनही मागच्या भिंतीच्या बराच अलीकडे मरत असेल आणि छापील मर्यादेत जागा असेल, तर ताण एक-दोन पौंडांनी उतरवावा. जागा नसेल तर बाजूंना दोन-दोन ग्रॅम लावावेत. चेंडू मागच्या भिंतीवर आपटून प्रतिस्पर्ध्याला सोपा फटका देऊ लागला असेल, तर ताण दोन पौंडांनी वाढवावा. आणि तो मागच्या भिंतीच्या हातभर अलीकडे, मरगळून खाली येत असेल, तर आपल्या गटिंगवाल्याला फक्त एवढेच सांगावे की मागच्या वेळी होता तोच ताण आणि तीच तार.